जवाईबापूंनी डिस्क बदलली

आमच्या जवाईबापूंना प्रश्न विचारता येत नाही. जीभ आहे, चांगली लांब आहे, दिवसभर चालते, पण "हे काय आहे?" किंवा "यातलं जुनं कोणतं?" एवढं साधं वाक्य त्या जिभेवर येत नाही. विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं झालं, आणि प्रज्वल पौनीकरांना माहीत नाही अशी गोष्ट नागपुरात अजून जन्माला यायची आहे. मी त्यांना अहो-जाहो करते. या घरची सून आहे मी, नणंदेच्या नवऱ्याला अरे-तुरे करायची माझी काय बिशाद! मनात काय करते ते मात्र विचारू नका.

मी मयुरी. माहेर कुहीचं, तिकडे आमची धानाची शेती. लग्न होऊन आले ती तांडापेठेतल्या हेडाऊंच्या घरात. इथे पिढ्यान्‌पिढ्या माग चालला. आता मागाच्या जागेवर माझ्या नवऱ्याची, चंदनची, मोटरसायकल उभी असते. पण माझे सासरे, जागेश्वर हेडाऊ, यांनी माग सुटल्यावरही विणकाम सोडलं नाही. त्यांनी साड्यांचे काठ काढायला घेतले. काठ काढायचा म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत नक्षी उतरवायची, मग ती कॉम्प्युटरवर चढवायची, आणि त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे विणकर आपल्या मागावर लावतो आणि मागावर नक्षी उमटते. उमरेडचे, मोहाडीचे विणकर अजून बाबांकडे येतात. "जागेश्वरभाऊचा काठ" म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही.

बाबांना काचबिंदू आहे. नजर कडेकडेनं विझत चालली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की जेवढी गेली ती परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. तेव्हापासून माउस माझ्या हातात आला. बाबा पडद्याला नाक लावून बसायचे आणि म्हणायचे, "दोन घर डावीकडं घे वं मयुरी. हं. आता खाली एक." अशी मी शिकले. मला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाबांच्या शेजारी बसून कळायला लागलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी एक काठ काढायला घेतला होता, बाबांना कागद नीट दिसेना म्हणून थेट पडद्यावरच. मुंगीवाट. तांदळाचा दाणा घेऊन निघालेल्या मुंग्यांची रांग, अख्ख्या काठभर. गंमत अशी की एक मुंगी दुसरीसारखी नाही. कुणी दाणा डोक्यावर घेतलाय, कुणी ओढतेय, एकीचा पडलाय तर ती मागे वळून बघतेय. बाबा म्हणायचे, "माणसं मोर काढतेत, कुयरी काढतेत. मुंगी कोणी काढली नाही अजून." कूलर समोर लावून, घाम पुसत, आम्ही सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा त्या मुंग्यांमागे लागलो होतो. नजर असेपर्यंत मुंगीवाट कापडावर बघायची, एवढंच बाबांचं मागणं होतं. दसऱ्याच्या आधी काठ पूर्ण झाला. पुठ्ठे तेवढे पाडायचे राहिले होते.

आणि कॉम्प्युटर अडकायला लागला. मधेच पडदा गोठायचा, कधी सुरूच व्हायचा नाही.

आता जवाईबापूंकडे वळते. ज्यांचं चरित्र सांगायला बसले त्यांना फार वेळ बाहेर उभं ठेवणं बरं नाही, त्यांना सवय नाही तशी.

प्रज्वल पौनीकर मूळचे कन्हानचे. वडील कोळसा खाणीत, आईचं माहेर विणकरांचं. लहानपणी त्यांनी घरातला रेडिओ खोलला होता म्हणे. ही गोष्ट त्यांची आई प्रत्येक लग्नात सांगते. रेडिओ परत जोडला की नाही, हे ती सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. पुढे कॉम्प्युटरचा कसलासा डिप्लोमा झाला आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. काय काम करतात, ते आमच्या घरात आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "सिस्टीममध्ये आहो." बस. गळ्यातलं ओळखपत्र मात्र बारशाला, तेरवीला, कुठंही उतरत नाही. मी तर म्हणते, अंघोळीलाही उतरत नसेल.

माझ्या नणंदेला, रोशनीला, बघायला आले तेव्हा आमच्या टीव्हीचा डबा बंद होता. यांनी उठून त्याची पिन काढून परत खोचली. टीव्ही लागला. एवढंच झालं. पण माझ्या सासूबाई, कुसुमावती हेडाऊ, यांनी त्याच घडीला ठरवून टाकलं की पोट्टा हुशार आहे. "पाह्यलं का वं, हात लावला अन् टीव्ही चालू!" पिन तर मीही खोचली असती, पण मी सून. सुनेनं पिन खोचली की ते घरकाम होतं.

त्या दिवसापासून घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू जवाईबापूंच्या ताब्यात गेली. ते यायचे, कमरेवर हात ठेवून वस्तूपुढे उभे राहायचे, जिभेनं "च्च, च्च" करायचे, जणू आम्ही त्या वस्तूला उपाशी ठेवलंय, आणि म्हणायचे, "सिंपल आहे." रोशनीचा फोन त्यांनी सिंपल केला, तिचे बाळंतपणातले सगळे फोटो गेले. आमचा इन्व्हर्टर सिंपल केला, तो दिवे असताना चालायचा आणि दिवे गेले की बंद पडायचा. दर वेळी सासूबाई म्हणायच्या, "वस्तूच खराब असंन." वस्तू खराब असते, कंपनी खराब असते, लाइट खराब असते. जवाई कधी खराब नसतो. अरे बाप्पा, जवाई कसा खराब असेल!

बाबांच्या कॉम्प्युटरला तर ते आपली जहागीरच समजत. चार-पाच वर्षांपूर्वी त्यातली डिस्क त्यांनीच बदलली होती. तेव्हा सगळे काठ कॉम्प्युटरमध्ये चढवून झाले होते आणि बाबांचे जुने चौकटीचे कागद माळ्यावर गठ्ठ्यांनी पडलेले होते. जवाईबापू म्हणाले, "आता हे कायले ठेवता? डिजिटल झालं ना सगळं." झालं. सासूबाईंनी ते गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पण बोललेही नाहीत. जवाईला कोण बोलणार?

तर कॉम्प्युटर अडकायला लागल्यावर चंदननं व्हिडिओ कॉल लावला. जवाईबापूंनी पडदा बघितला, च्च च्च केलं आणि म्हणाले, "डिस्क मरून राहिली. नवीन टाकू. रॅम पण वाढवून देतो, नाही तं काय मजा."

बाबांनी फोन हातात घेतला. "पण जी, आपलं काठाचं सॉफ्टवेअर? थे आता मिळत नाही. ज्यानं बनवलं त्याची कंपनीच बुडाली. नव्यानं टाकलं तं चालंन का?"

"नव्यानं टाकाचं कामच नाही बाबा. अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उचलतो अन् नव्या डिस्कवर ठेवतो. सॉफ्टवेअर, फाइली, सगळं जसंच्या तसं. टेन्शन नाही घ्यायचं."

बाबांचा चेहरा जरा सुटला. पण मला काही चैन पडेना. मी पेनड्राइव्ह काढला आणि काठांची नक्कल करून ठेवायला बसले. कॉम्प्युटर अडकत होता, तरी होत होतं हळूहळू. चंदननं भोळेपणानं फोनवर सांगितलं की मयुरी कॉपी करून राहिली. तिकडून लगेच ओरडा. "वहिनीले म्हणा, हात नोको लावा! मरत्या डिस्कवर कॉपी मारली तं जागच्या जागी जाते थे. जशी आहे तशी काढून ठेवा, मले वेळ नसते."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "राहू दे वं मयुरी. जवाई म्हणतेत ना? तुले जास्त समजते का?"

मी पेनड्राइव्ह काढून घेतला, एकही काठ पुरता उतरायच्या आत. चंदननं बंद कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि डिस्क बाहेर काढली. तळहाताएवढी चपटी काळी पट्टी. एवढ्याशा पट्टीत बाबांचा सगळा जन्म होता.

नवीन डिस्क जवाईबापूंनी ऑनलाइन मागवली, आमच्याच पत्त्यावर. मागवली कशी, तर फोनमध्ये जुनी खरेदी शोधली आणि 'पुन्हा मागवा' दाबलं. म्हणजे तीच कंपनी, तोच आकार, तोच काळा रंग. डोकं चालवायचंच नाही म्हटल्यावर माणूस असाच काटकसरीनं वागतो.

दसऱ्याला आमच्या घरात हत्यारांची पूजा असते. विणकराचं हत्यार म्हणजे तलवार नव्हे. आडवा धागा नेणारा धोटा, फणी, कात्री, पुठ्ठ्याला भोकं पाडायचं यंत्र, असं सगळं पाटावर मांडतात. धुऊन पुसून, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. वर्षभर ज्यानं पोट भरलं त्याला हात जोडायचे. नव्या वस्तूला आमच्यात त्या दिवशी पाटावर जागा नसते. जिनं अजून काम केलं नाही, तिला नमस्कार कशाचा? धोटा तर बाबांच्या आजोबांचा आहे, कडा झिजून गुळगुळीत झालेला, तो सगळ्यांत मधे.

त्या वर्षी बाबांनी जुनी डिस्क मागून घेतली. ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्यानं पुसली. फटींतली धूळ काडीनं काढली. पार लखलखीत केली आणि धोट्याच्या शेजारी ठेवली. चाचपत चाचपत तिच्यावर हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. "आमच्या मुंग्या आहेत वं हिच्या पोटात," असं मला हळूच म्हणाले. मी हसले. खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलली आणि बाबांनी ती डिस्क कॉम्प्युटरच्या टेबलावर, खोक्यातून काढून ठेवलेल्या नव्या डिस्कच्या शेजारी ठेवली. कुंकू पुसलं नाही. पूजेचं कुंकू आपण होऊन पुसत नाहीत.

दुपारी जवाईबापू आले. रोशनी मागून, कडेवर पोरगं आणि हातात पिशवी. जवाईबापूंच्या हातात फक्त गाडीची किल्ली. या गाडीलाही त्यांनी घेतल्या दिवशी कोराडीच्या देवीपुढे नेऊन, बॉनेटभर कुंकवाचं स्वस्तिक काढून, चाकाखाली लिंबू चिरडलं होतं. नवीन वस्तू आली की पूजा, एवढं त्यांना चांगलं ठाऊक आहे. नव्या फ्रिजची पूजा, नव्या फोनची पूजा. सासऱ्यांच्या घरात कशाची पूजा होते, हे बघायला त्यांना इतक्या वर्षांत सवड झाली नाही.

मी स्वयंपाकघरात मटणाच्या रश्शाला फोडणी देत होते. सावजी मसाला, जवाईबापूंना आवडतं तसं जहाल. दारातून टेबल दिसतं. जवाईबापूंनी दोन्ही डिस्का उचलल्या, कुंकू लावलेल्या डिस्ककडे बघून च्च च्च केलं आणि म्हणाले, "काय बाबा, इलेक्ट्रॉनिक वस्तूले कुंकू लावतेत का?" आणि खिशातून रुमाल काढून ते पुसून टाकलं. चांगलं घासून पुसलं.

बाबा पलंगावर बसले होते. नुसते ओशाळं हसले.

जवाईबापूंनी मग पिशवीतून एक डबा काढला. वर दोन खाचा, पुढे एक बटण. एका खाचेत ज्यातून उतरवायचं ती डिस्क, दुसरीत जिच्यावर चढवायचं ती. बटण दाबलं की एकीतलं सगळं दुसरीवर, शब्द न शब्द. मधे कॉम्प्युटर नको, पडदा नको, कुणी विचारणारंही नको. अगदी त्यांच्या स्वभावाचं यंत्र.

मी हात पुसत बाहेर आले. "भाऊजी, कोणती कुठं लावली जी? दोन्ही सारख्याच दिसतेत."

"वहिनी, तुम्ही रश्शाकडं पाहा. डिस्कचं माझ्यावर सोडा."

"पण भाऊजी..."

"मयुरी!" सासूबाई म्हणाल्या. "जवाईले काम करू दे वं."

बटण दाबलं. हिरवे दिवे एकामागून एक पेटत सरकायला लागले. जवाईबापू हात धुऊन पाटावर येऊन बसले.

जेवले! काय जेवले म्हणून सांगू. अजून घ्या अजून घ्या म्हणत सासूबाई वाढत होत्या आणि ते नाकाचं पाणी पुसत, नळी चोखत डिस्कवर व्याख्यान देत होते. मिहानमध्ये ते असलं काम डोळे मिटून करतात, लोक उगाच घाबरतात, आजकाल सगळं सिंपल झालंय. चंदन मान डोलावत होता. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण बहिणीच्या नवऱ्यापुढे त्याची मान आपोआप डोलते. बाबांनी मधेच विचारलं, "झालं असंन का जी?" तर म्हणाले, "होते बाबा, होते. जेवा तुम्ही."

दिवे थांबले. जवाईबापूंनी बडीशेप तोंडात टाकली, कुंकू पुसलेली डिस्क डब्यातून काढली, कॉम्प्युटरमध्ये बसवली, रॅम खोचली आणि कॉम्प्युटर चालू केला.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: चालू करण्यासारखी डिस्क सापडत नाही.

"वायर ढिली असंन," म्हणाले. वायर घट्ट केली. तीच ओळ. मग दुसरी डिस्क लावली. तीच ओळ. परत पहिली. पोरगं रडायला लागलं तशी रोशनी त्याला घेऊन आत गेली. बडीशेप चघळणं थांबलं होतं.

बाबा पलंगावरून उठले, भिंत धरत टेबलापाशी आले. "जवाईबापू," अगदी हळू म्हणाले, "ज्या डिस्कचं कुंकू तुम्ही पुसलं, थे कोण्या खाचेत लावली होती?"

"जिच्यावर चढवाचं होतं त्या खाचेत. नवीन होती ना थे."

"नाही जी. थे जुनी होती. आपली होती थे."

तेव्हा जवाईबापूंच्या तोंडून जे निघालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पण बाबा, पूजा तं नव्याची करतेत ना!"

कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढवली होती त्यांनी. जन्मभराच्या कामावर रिकामपण उतरवलं, शब्द न शब्द. काठांवर, सॉफ्टवेअरवर, मुंगीवाटेवर. आणि इतक्या वेळात, एकदा, एकदा तरी "बाबा, यातली जुनी कोणती?" एवढं विचारलं असतं तर जीभ झडली असती का?

एक क्षण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ काहीतरी शोधत होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला मला दया आली. वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, बाबांचे पाय धरेल, माझं चुकलं म्हणेल. मी पाणी आणायला वळलेसुद्धा. तर मागून आवाज आला, "मले कोणी सांगतलंच नाही! कुंकू लावून ठेवलं तं माणूस काय समजंन?"

झाली दया. पाण्याचा गिलास मी तिथंच ठेवला.

"मी विचारलं होतं भाऊजी," मी म्हणाले. "कोणती कुठं लावली म्हणून विचारलं होतं."

"मयुरी, गप राह्य," चंदन म्हणाला.

आणि बाबा, माझे बाबा, ज्यांचं सगळं गेलं होतं, ते हात जोडून म्हणाले, "माहीच चूक झाली जी जवाईबापू. मी कुंकू लावालेच नोको होतं. तुमाले कसं समजंन?"

मला वाटलं, निदान आता तरी. निदान माफी मागणाऱ्या म्हाताऱ्यापुढे तरी माणूस लाजेल. कुठलं काय! जवाईबापूंनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या बाबा. होते असं." मोठ्या मनानं माफ केलं त्यांनी बाबांना! दीडशहाणा मेला. मला आत जाऊन भांडी आपटावी लागली.

पण गडी थांबला नाही. पिशवीत विंडोजचा पेनड्राइव्ह होताच. नव्या डिस्कवर कोरं करकरीत विंडोज टाकलं आणि संध्याकाळी चहा पिताना बोट दाखवून म्हणाले, "पाहा कसं पळून राहिलं! आधी कसं रखडत होतं." सासूबाई म्हणाल्या, "पळते बाई खरंच." जाताना त्यांना दसऱ्याचा शर्टपीस दिला, कुंकू लावून दिला. तेवढं कुंकू त्यांनी बरोबर ओळखलं.

आम्ही जुनी डिस्क सीताबर्डीच्या कॉम्प्युटरवाल्याला नेऊन दाखवली. काही निघालं नाही. विणकरांच्या मागावर ज्या काठांचे पुठ्ठे चढलेले होते तेवढे वाचले, बाकी गेलं. मुंगीवाटेचे पुठ्ठे तर पाडलेच नव्हते.

बाबा हरले नाहीत लगेच. म्हणाले, कागद आण, पुन्हा काढू. मी चौकटीचा कागद आणला, पेन्सिल घेतली. बाबा डोळे मिटून सांगायला लागले. पहिली मुंगी आली. दुसरी आली. तिसरीच्या पायापाशी थांबले. मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडे, तोंड करून विचारलं, "हिच्या पुढं कोणती होती वं?" मला आठवेना. जिनं मागे वळून बघितलं ती मुंगी नक्की कुठली, ते आम्हा दोघांनाही आठवेना. रोज बसलो. कागद चुरगळून टाकत गेलो. हिवाळा उतरता उतरता बाबांनी पेन्सिल मागणं सोडलं. तोवर उजवा डोळा गेला होता, डाव्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा.

आणि इकडे जवाईबापूंची कीर्ती वाढतच होती. रोशनीच्या चुलतसासऱ्याच्या घरी एका समारंभात मी स्वतःच्या कानानं ऐकलं, "आमच्या सासऱ्याचा कॉम्प्युटर तं मेलाच होता. मी वाचवला." लोक माना डोलवत होते. एकानं तर तिथल्या तिथे आपला लॅपटॉप दाखवायला घरी बोलावलं. मी ताटातला मोतीचुराचा लाडू तसाच ठेवून उठले. रोशनी खाली मान घालून पोराला भरवत होती. तिचं काही चुकलं नाही, तिला मी काय बोलू?

वर्ष गेलं. परत दसरा आला. या वेळी जवाईबापू सकाळीच हजर, मिहानला सुट्टी होती. बाबा अंघोळ करून पाटापुढे बसले होते. मी एकेक वस्तू हातात देत होते, ते चाचपून ओळखत होते आणि मांडत होते. धोटा, फणी, कात्री, भोकं पाडायचं यंत्र. बोट कुंकवात बुडवून, वस्तूची कड शोधून, बरोबर मधोमध टेकवत होते.

जवाईबापू कमरेवर हात ठेवून मागे उभे होते. "काय बाबा, कॉम्प्युटर राहिला की!" आणि स्वतःच वाकून त्यांनी कुंकवाची चिमूट उचलली. "थांबा, मी लावतो. आता तं कसा पळते पाहा, एका मिनिटात चालू होते. खरं का नाही?"

बाबांनी मान वर केली. त्यांना कोण कुठं उभं आहे ते दिसत नव्हतं, आवाजाच्या रोखानं बोलले. वर्षभरात मी त्यांचा इतका शांत आवाज ऐकला नव्हता.

"पळते ना जी जवाईबापू. पळंन नाही तं काय करंन? वझंच नाही राहिलं त्याच्यावर."

रोशनीनं पदर तोंडाला लावला. चंदनची मान, जी नेहमी डोलते, ती जागच्या जागी थांबली. सासूबाईंनी पहिल्यांदा, लग्न होऊन आल्यापासून मी पहिल्यांदाच पाहिलं, जवाईकडे बघितलंच नाही. त्या धोट्यापुढची वात सारखी करत राहिल्या.

"लावा, कुंकू लावा तुम्ही त्याले," बाबा म्हणाले. "तुमच्याकडं नव्याची पूजा करतेत. आमच्याकडं कामाच्या वस्तूची करतेत. देतं का वं मयुरी, अक्षता?"

मी अक्षता दिल्या. जवाईबापू चिमटीत कुंकू धरून उभे होते. मग मोठ्यानं हसले. "ऐकलं का रोशनी? बाबा म्हणतेत वझं नाही राहिलं. म्हटलं नव्हतं, सिस्टीम हलकी पाहिजे!" आणि त्यांनी जाऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठसठशीत कुंकू लावलं, दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, उद्या मटण आहे ना?"